सहा मशिनी, सत्तावीस एचपी आणि उजनीचं पाणी : वीज नियामक आयोग आणि अर्थ मंत्रालयाला खुलं पत्र

मा. महाराष्ट्र वीज नियामक आयोग, आणि सोबत दिल्लीच्या अर्थ मंत्रालयातले साहेब लोक,

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरचा, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, लायसन वगैरे सगळं आहे पण अक्कलकोट रोडच्या बाजूला मला सगळे वायरमनच म्हणतात आणि माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पंचवीस वर्षं झाली यंत्रमागाच्या शेडमधली वायरिंग करतोय. क्रिप्टोबद्दल मी पत्र लिहीन असं मलाच कधी वाटलं नव्हतं, माझ्याकडं एक रुपयाचंही बिटकॉइन नाही. पण ह्या विषयात सगळे लोक पैशाचंच बोलतात, भाव किती चढला, कर किती कापला, कोण बुडालं. मीटरबद्दल कुणीच बोलत नाही. आणि मला तेवढंच कळतं म्हणून लिहितोय.

झालं असं की काही वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्याकडं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो त्या दिवसांत, एका ओळखीच्या शेडमालकाचा फोन आला. टॉवेलचा कारखाना होता त्यांचा, ऑर्डरी नाहीत म्हणून माग विकून टाकले आणि शेड भाड्यानं दिली. भाडेकरू पोरगा म्हणतो सर्व्हर ठेवायचेत, आणि आता केबल गरम होतेय, बघून जा जरा. गेलो. आत सहा डबे, बुटाच्या खोक्याएवढे, एकेकाला दोन्ही बाजूनं पंखे, आणि आवाज असा की मी आयुष्यभर मागाची खटखट ऐकलेला माणूस, तरी मला दोन मिनिटं उभं राहवेना. मागाच्या आवाजाला एक ताल असतो ओ. ह्याला कसला ताल, नुसती शिट्टी, चोवीस तास.

क्लॅम्प मीटर लावला. दोन-दोन मशिनी एकेका फेजवर, प्रत्येक फेजला अठ्ठावीस अँपिअरच्या आसपास, आणि काटा हलेचना. पाच मिनिटं बघितलं, तसाच. मागाच्या शेडला असं कधी होत नाही, धागा तुटतो, माग थांबतो, कामगार चहाला जातो, लोड वरखाली होत राहतो. ह्याला चहा नाही, सुट्टी नाही, अमावस्या नाही.

मग मी एका मशिनीवरची प्लेट वाचली, सव्वातीन किलोवॅट. सहा मशिनींचे साडेएकोणीस किलोवॅट, एचपीत केलं तर सव्वीस. आणि शेडचं कनेक्शन कुठलं, तर यंत्रमागाचं, २७ एचपीच्या आतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या राज्यात यंत्रमागाला वीजदरात सवलत आहे आणि २७ एचपीच्या आतल्यांना एक, वरच्यांना वेगळी. ही सवलत का दिली तर ह्या धंद्यावर घरं चालतात म्हणून. पोरानं हिशोब बरोबर बसवला होता, हुशार होता. मी विचारलं हे काय आहे बे नक्की, तर म्हणला, काका डेटा प्रोसेसिंग आहे. नंतर चहा घेताना कबूल केलं, बिटकॉइनचं मायनिंग, म्हणजे मशिनी चालवून नवी कॉइन काढायचा धंदा.

मला राग त्या पोराचा आला नाही खरं सांगायचं तर. नोकरी नव्हती, कुणीतरी पुण्यात सेकंडहँड मशिनी विकल्या, ह्यानं घेतल्या. पण त्याच आठवड्यात त्या डीपीचा फ्यूज तीनदा उडाला आणि मागच्या चाळीतली माणसं रात्री बाहेर खाटा टाकून बसली. बाया माझ्यावर ओरडल्या, कारण मी समोर दिसलो. डीपी बसवताना सगळ्यांचा लोड एकाच वेळी पूर्ण चालत नाही असं धरूनच बसवतात, आणि ते बरोबरच आहे, दरवेळी दुप्पट डीपी कुठून आणणार. पण मायनिंगचा लोड हा हिशोबच मोडतो, तो रात्रंदिवस पूर्ण भरून चालतो. कागदावर मंजूर भाराच्या आतच होता तो, म्हणजे कुणी तपासायला आलं असतं तरी भार ठीक आहे म्हणून सही करून गेलं असतं.

आता पाण्याचं. घरी येऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एक मशीन दिवसाला ७८ युनिट. सहा मशिनी ४६८. महिन्याला चौदा हजारांवर. कोळशाच्या वीजकेंद्राला एक युनिट करायला पाणी लागतं, वाफेला कमी, थंड करायला जास्त, आणि २०१७ नंतर उभारलेल्या केंद्रांना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं घातलेली मर्यादा आहे मेगावॅट-तासाला ३ घनमीटर. युनिटला तीन लिटर. म्हणजे त्या शेडमधल्या सहा डब्यांसाठी रोज चौदाशे लिटर, गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या आणि अर्धी अजून. आमच्याकडं फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, त्याला पाणी कुठून येतं, उजनी धरणातून. आम्हाला पाणी कुठून येतं, उजनीतून. ती वीज एकट्या सोलापूरला मिळत नाही, इतर राज्यांतही जाते, आणि त्या शेडमध्ये आलेला युनिट फताटेवाडीचाच होता असं मी म्हणत नाही, ग्रिडमध्ये कुठला युनिट कुठला हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांजवळ गेली होती, आणि ज्या गावानं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलेलं बघितलंय, ज्या गावात बायका पाण्याच्या दिवसावर लग्नाची बोलणी ठरवतात, तिथं मला हा हिशोब करावाच लागतो. धुराचं वेगळंच, आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे रोज सव्वातीनशे किलोच्या वर.

आणि ह्याच्या बदल्यात काय मिळालं? एक एचपीचा साधा माग धरला तर एका मशिनीच्या विजेत चार माग चालतात. चार मागांवर दोन माणसं तरी लागतात, वर कांडी भरणारी, शिलाई करणारी, गठ्ठे बांधणारी. सहा मशिनींवर एक पोरगा, तोही मोबाइलवर बघत बसलेला.

आता काही जण म्हणतील ह्याला ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनमागची ती अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेली नोंदवही, कळत नाही, जुना माणूस आहे. मला माझ्या भाच्यानं समजावलंय, तो बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि मला जसं कळलं तसं सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत रिंग टाकायचा स्टॉल असतो ना, बक्षिसावर रिंग बसली की बक्षीस तुमचं. बिटकॉइन म्हणजे तसा स्टॉल, फक्त जगभरातून लाखो मशिनी सेकंदाला अब्जावधी गुणिले अब्जावधी रिंगा फेकतायत, आणि दर दहा मिनिटाला साधारण एकाची बसते. त्याला बक्षीस, २०२४ च्या एप्रिलपासून ३.१२५ बिटकॉइन. बाकी सगळ्यांच्या रिंगा वाया, म्हणजे वीज वाया. आणि खरी गंमत पुढं आहे. गर्दी वाढली की स्टॉलवाला रिंग लहान करतो, साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे कितीही माणसं आली तरी दहा मिनिटाला एकच जिंकला पाहिजे. म्हणजे मशीन दुप्पट चांगली आणली तरी काम तेवढंच होणार, फक्त सगळ्यांनाच दुप्पट चांगली आणावी लागणार. आम्ही एलईडी लावले तर गावाचं बिल कमी होतं. इथं चांगल्या मशिनीनं एकट्याचं बिल कमी होईल, सगळ्यांचं मिळून होत नाही, कारण वाचलेल्या पैशात अजून मशिनी येतात. म्हणून "तंत्रज्ञान सुधारेल तसा वापर कमी होईल" असं कुणी तुम्हाला प्रेझेंटेशनमध्ये दाखवलं तर विश्वास ठेवू नका. केंब्रिज विद्यापीठाच्या लोकांनी २०२५ च्या अहवालात बिटकॉइनचा वर्षाचा वापर १३८ अब्ज युनिट काढलाय, जगाच्या विजेच्या अर्धा टक्का. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त वीज पाणी-वारा-सूर्य-अणु ह्यातली आहे असंही त्यातच आहे, ते लपवत नाही मी.

पण सगळं ब्लॉकचेन असं नाही, आणि पत्र लिहायचं खरं कारण हेच. इथेरियम नावाचं दुसरं मोठं क्रिप्टो पण आधी असंच रिंगा फेकत होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी पद्धत बदलली, आता भिशीसारखं आहे, ज्याचे पैसे अनामत ठेवलेत त्यातून चिठ्ठी निघते, ज्याचे जास्त हात त्याला जास्त वेळा संधी, आणि लबाडी केली तर अनामत जप्त. वीजवापर एका फटक्यात ९९ टक्क्यांहून जास्त खाली आला. सरकारनं सक्ती केली नव्हती, त्यांनीच केलं. आणि आपल्याकडं तर बँकेचा, कुरिअरचा जो मेसेज येतो ना तो सुद्धा ट्रायच्या, म्हणजे टेलिफोनच्या नियामकाच्या, २०१८ च्या नियमामुळं ब्लॉकचेनसारख्याच नोंदवहीतून तपासून येतो, आपल्याला पत्ताही नसतो. गडचिरोलीत एटापल्लीला जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले, तेही अनामतीच्या पद्धतीच्या चेनवर. ह्या कशालाच त्या शेडसारखी केबल तापत नाही. तेव्हा सरकारी टेंडरमध्ये नुसतं "ब्लॉकचेन आधारित" असं लिहिलं की पुढं एक ओळ सक्तीची टाका, रिंगा फेकणारं की भिशीवालं, आणि वर्षाला युनिट किती. एवढी ओळ टाकायला कुठली समिती नको.

आता अर्थ मंत्रालयाला सांगायचंय ते नीट ऐका. तुम्ही १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. ठीक. पण त्यात असं केलंय की विकत घ्यायची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा करता येत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च ही खरेदी किंमत धरायची नाही असं संसदेतच सांगितलं. कडक वाटतं ऐकायला. पण ह्याचा परिणाम बघा, ज्या माणसाला विजेचं बिल वजाच मिळणार नाही तो ते रिटर्नमध्ये दाखवील कशाला? माझ्या टॉवेलवाल्यांचं लाइट बिल त्यांच्या सीएकडं फाइलला असतं कारण ते खर्चात धरतात. मायनिंगवाल्याचं बिल कुठल्याच फाइलला नाही. म्हणजे देशात मायनिंगवर किती वीज जाते हे तुम्हाला तुमच्याच करातून कधी कळणार नाही, उलट तुमचा नियम ते झाकतो. वजावट द्या असं मी म्हणत नाही, अजिबात देऊ नका. फक्त रिटर्नमध्ये एक रकाना ठेवा, हे कॉइन विकत घेतलं की स्वतः काढलं, आणि काढलं असेल तर ग्राहक क्रमांक कुठला. वीजबिलावर असतो तो बारा आकडी नंबर, बस्स. पुढचं काम वितरण कंपनीचं कॉम्प्युटर करेल.

आणि क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारे एक्सचेंजवाले मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली २०२३ पासून तुमच्याकडं नोंदतातच. युरोपनं त्यांच्या मायका नावाच्या कायद्यात कॉइन विकणाऱ्याला सांगितलंय की ह्या कॉइनचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते ग्राहकाला दाखव. आपल्याकडं पंख्यावर तारे, फ्रिजवर तारे, ट्यूबलाइटवर तारे. माझ्याकडं येऊन लोक पाच तारेवाला पंखा मागतात, आणि तोच माणूस संध्याकाळी मोबाइलवर असं कॉइन घेतो ज्याच्या मागं गावाएवढी वीज जळते, तिथं एक तारा नाही.

आयोगाला माझं मागणं मुख्य आहे, कारण वीज तुमच्या हातात. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ मध्ये तुम्हाला ग्राहकाचे वेगवेगळे दर लावता येतात, लोड फॅक्टरवरून म्हणजे भार किती सलग भरून चालतो त्यावरून, कुठल्या वेळी वीज लागते त्यावरून, आणि कशासाठी लागते त्यावरूनही. म्हणजे नवा कायदा नको, लोकसभा नको. रिंगा फेकणाऱ्या मायनिंगसाठी वेगळी वर्गवारी काढा. तिला घरगुती, शेती, यंत्रमाग कुठलीच सवलत लागू नको. दुसऱ्या कामासाठीचं कनेक्शन त्यासाठी वापरलं तर कलम १२६ आहेच, पण वर्गवारीच नसेल तर तपासायला गेलेला इंजिनिअर लिहिणार काय, मशीन बघून त्यालाही कॉम्प्युटरच वाटणार. पूर्ण दरात आपल्याकडं हा धंदा सहसा परवडतच नाही, म्हणून जो करतो तो सवलतीची नाहीतर चोरीची वीज शोधतो. कझाकस्तानला हे महागात पडल्यावर कळलं. चीननं २०२१ मध्ये मायनिंग बंद केलं तशा तिथल्या मशिनी बॉर्डर ओलांडून गेल्या, हिवाळ्यात तिथल्या लोकांची वीज जायला लागली, मग त्यांनी युनिटमागं वेगळा कर लावला आणि पुढं तो असा केला की जितकी स्वस्त वीज घ्याल तितका कर जास्त. मला हे डोकं आवडलं. सवलत खाल्ली तर कर वाढतो, उगाच कोण खाईल.

बंदीच घाला असं म्हणणारे पण आहेत, माझा भाचा त्यातला. मला ते पटत नाही. चीनमध्ये आधी काय व्हायचं, पावसाळ्यात मशिनी सिच्वानला धरणाच्या स्वस्त विजेवर, आणि पाणी सरलं की ट्रकमध्ये घालून शिंजियांगला कोळशावर. आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या जातात तशा मशिनींच्या टोळ्या, फरक एवढाच की टोळीबरोबर लेकरं असतात. बंदीनंतर त्या टोळ्या अमेरिकेत गेल्या, कझाकस्तानात गेल्या, धूर तेवढाच राहिला. इराणनं २०२१ च्या उन्हाळ्यात चार महिने बंदी घातली कारण शहरं अंधारात जात होती, पण चोरून चालणाऱ्या मशिनी तिथं चालूच होत्या. बंदी घातली की मशीन शेडमधून माळ्यावर जाते आणि मग तर मीटरही नसतो, आकडा टाकतात, आणि आग लागली की आम्हालाच बोलवतात. त्यापेक्षा न्यूयॉर्क राज्यानं २०२२ मध्ये केलं ते बरं, कोळसा-गॅसच्या केंद्रावर चालणाऱ्या नव्या मायनिंगला दोन वर्षं परवाने थांबवले आणि तोवर अभ्यास करतो म्हणले. थांबवायचं ते नेमकं थांबवलं.

अजून एक गोष्ट तुमच्यापुढं कुणीतरी नक्की मांडणार, म्हणून आधीच सांगतो. म्हणतील, सोलापुरात ऊन भरपूर, दुपारी सोलरची वीज जास्त होते, ती मायनिंगला द्या, संध्याकाळी आम्ही बंद करू, ग्रिडला मदतच होईल. साखर कारखान्यांच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, विजेबद्दलही हेच म्हणतील. ऐकायला गोड आहे. पण मशीन दीड-दोन वर्षांत जुनी होते, तेवढ्यात पैसे वसूल करायचे असतात, संध्याकाळी बंद ठेवून कसं भागेल? टेक्सासमध्ये २०२३ च्या ऑगस्टमध्ये उकाड्यानं ग्रिडवर ताण आला तेव्हा रायट नावाच्या मायनिंग कंपनीला वीज कमी वापरल्याबद्दल महिन्यात तीन कोटी डॉलरहून जास्त क्रेडिट मिळालं, त्या महिन्यात बिटकॉइन काढून मिळाले त्यापेक्षा जास्त. बंद बसायचे पैसे! आमच्याकडं लोडशेडिंगच्या काळात आठ-आठ तास माग बंद राहिले तेव्हा कुणी मालकाला रुपया दिला नाही आणि कामगाराला तर उचल फेडायला चादर गहाण टाकावी लागली. तेव्हा असली योजना कुणी आणली तर दुपारची वीज आधी पाणी उपसायला द्या, शेतीला दिवसा द्या, मागांना द्या, आणि त्यातूनही उरली आणि बंद करायची अट वितरण कंपनीच्या हातातल्या स्विचवर असली, तरच बघा. बंद ठेवल्याचा मोबदला शून्य.

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. ह्या मशिनी दुसऱ्या कशालाच कामाच्या नाहीत, जुना कॉम्प्युटर निदान पोराच्या अभ्यासाला होतो. डच संशोधक अॅलेक्स डी व्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०२१ मध्ये हिशोब काढला होता, बिटकॉइनमुळं वर्षाला तीस हजार टनांहून जास्त ई-कचरा. आपले २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, माल बनवून नाहीतर आयात करून बाजारात आणणाऱ्यानं रीसायकलिंगची जबाबदारी घ्यायची. पण ह्या मशिनी विकणारा कोण, तर टेलिग्रामवरचा एक नंबर. आयात होतानाच नोंद करा, नंतर कुणी सापडत नाही.

त्या शेडचं पुढं काय झालं ते राहिलंच. जूनमध्ये भाव पडला, पोरगा दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेला. सहा मशिनी शेडमालकाच्या गळ्यात. भंगारवाल्यानं किलोवर घेतो म्हणला, अॅल्युमिनियमचा भाव दिला आणि बोर्ड तसेच टाकून गेला, ते अजून मालकाच्या जिन्याखाली पडलेत. चाळीतल्या त्या बाईला मी डीपीला नवीन फ्यूज टाकून दिला म्हणून तिनं शेंगाचटणीची पुडी दिली, आणि काम ज्यानं करायला लावलं त्याच्याकडून माझ्या बिलाचे पैसे मात्र अजून यायचेत.

पुढच्या दरनिश्चितीच्या याचिकेवर तुम्ही सूचना-हरकती मागवाल तेव्हा मी ही लेखी देणारच आहे, तीन प्रतींत, आणि सुनावणीला माझी अँपिअरची डायरी घेऊन येणार आहे, त्यात त्या आठवड्यातली रोजची रीडिंग आहेत. तोपर्यंत एवढं तरी करा, राज्यातल्या यंत्रमाग सवलतीच्या कनेक्शनमध्ये गेल्या वर्षभरात ज्यांचा वापर रात्री-दिवसा, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा एकसारखा सपाट आहे, त्यांची यादी काढा. स्मार्ट मीटर जिथं बसलेत तिथं हे एका दुपारचं काम आहे. दिवाळीत सोलापूरचा एकही माग चालत नाही ओ.

आपला,
अक्कलकोट रोडवरचा एक वायरमन, सोलापूर